शाळाच अंगणात आली तेव्हा

वर्गात हजर असलेल्या मुलांना शिकवणं कठीणच; पण जी मुलं आलीच नाहीत, त्यांना कसं शिकवायचं? हा प्रश्न पडला की चांगल्या शिक्षकाचं काम पार बदलून जातं. आज त्याला ‘शैक्षणिक समतेचं धोरण’ म्हणतात, त्यासाठी वेगळे हुद्देही आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे असा कुठलाच हुद्दा नव्हता.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरीच्या पद्धतीनं बालशिक्षण करत होत्या. पण ती पद्धत महागडी, शहरी घरांपुरतीच. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुण्यात हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई तिथं गेल्या. साधनं कुठली? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे! बरं, एवढं करूनही गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच उठून वस्तीत गेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नि तिथेच अंगणात गाणी-गोष्टी सुरू. ही अंगणवाडी.

खरी कमाल पुढे, डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर. १९५७पासून तिथं वारली मुलांसाठी काम सुरू झालं. मुलगी शाळेत का येत नाही? अभ्यासाचा कंटाळा म्हणून? छे, काखेत धाकटं भावंड असतं म्हणून! तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. बाळ पाळणाघरात, ताई वर्गात. पाळणा हे मुलींच्या शिक्षणाचं साधन ठरू शकतं, हे शिक्षणशास्त्राच्या कुठल्या तासाला कळणार? गुराख्यांसाठी तर कुरणशाळा निघाली: गुरं चरताहेत, शेजारी धडे चाललेत. मूल शाळेत आलं नाही की आपण हजेरीपटावर फुली मारून मोकळे होतो. या दोघी त्या फुलीमागचं कारण हुडकत घरापर्यंत, रानापर्यंत जात आणि मग शाळेचं वेळापत्रक, जागा, रूप बदलत. मुलाला बदलायचा हट्ट नाही. माझ्या मते धोरण म्हणतात ते हेच. बाकी सगळी कागदपत्रं.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात अशा सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.