बेन, सॉक्रेटिस आणि माळ्यावरची खुडबुड

आशागडच्या आमच्या घरात पावसाळ्याच्या रात्री दोन आवाज हमखास येतात. एक पत्र्यावरच्या पावसाचा, दुसरा माळ्यावरच्या उंदरांचा. घरात भात साठवलेलं असतं, मग ते येणारच. अशाच एका रात्री लाइट गेलेले, मोबाइलची बॅटरी २८ टक्के आणि मी 'विलार्ड' बघत होते. प्लीज, तुम्ही असं करू नका.

'विलार्ड' हा १९७१चा अमेरिकन सिनेमा. तो ज्या कादंबरीवर बेतलाय तिचं नाव 'रॅटमॅन्स नोटबुक्स'. उत्तर आयर्लंडमधल्या स्टीफन गिल्बर्ट यांनी ती १९६८ साली लिहिली. हे गृहस्थ बेलफास्टमध्ये बियाण्यांच्या व्यापारात होते. बियाण्यांचं गोदाम म्हटलं की उंदीर आलेच, त्यामुळे विषय शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नसावं, हा आपला माझा अंदाज!

कादंबरी डायरीच्या रूपात आहे आणि डायरी लिहिणाऱ्याला नावच नाही. 'विलार्ड' हे नाव त्याला सिनेमाने दिलं. म्हातारी आई, पडायला आलेलं घर आणि वडिलांनी उभ्या केलेल्याच कंपनीत कारकुनाची नोकरी. बॉस येताजाता पाणउतारा करतो. एक दिवस आई सांगते, अंगणातले उंदीर मारून टाक. हा त्यांना बुडवायला जातो आणि ऐन वेळी त्याचा हात आखडतो. मग तो त्यांना खाऊ घालतो, हाका मारतो, शिकवतो.

नारायण धारप वाचून मोठं झालेल्या आपल्याला वाटतं, आता कुठलीतरी अमानवी शक्ती येणार. ती शेवटपर्यंत येत नाही. मंत्र नाही, शाप नाही. सांगितलेलं केलं की खाऊ, परत केलं की परत खाऊ, बस. मानसशास्त्राच्या पुस्तकात स्किनरचे प्रयोग वाचले असतील तर हे ओळखीचं वाटेल. म्हणूनच ते जास्त खरं वाटतं आणि जास्त घाबरवतं.

(इथून पुढे स्पॉयलर आहेत.) त्या शेकडो उंदरांत दोघे महत्त्वाचे. पांढरा सॉक्रेटिस, विलार्डचा एकदम लाडका. आणि बेन, काळा, दांडगा, हुशार. टोळी बेनचं ऐकते, कामं बेन करून देतो, पण विलार्डच्या उशाशी जागा सॉक्रेटिसला. बेनला हाकलून खाली तळघरात. मला सगळ्यात जास्त इथे लागलं. उंदीर बॉसच्या अंगावर सोडले जातात तो सीन अंगावर काटा आणतोच. त्यात बॉस झालेला अर्नेस्ट बोर्गनाईन जाम भारी आहे. पण खरी भीती त्याआधीच सुरू झालेली असते. ऑफिसात ज्याला कुणी माणूस म्हणून मोजत नाही, तो घरी येऊन आपल्याहून लहान जिवांशी डिट्टो त्याच्या बॉससारखा वागतो. काम झाल्यावर तर तो त्यांना चक्क बुडवायला निघतो. इंटर्नशिप करताना 'मी सीनियर झाले की असं वागणार नाही' ही शपथ आपण सगळेच घेतो ना? विलार्डनेही मनातल्या मनात घेतली असेल. बेन मात्र सगळं लक्षात ठेवतो.

सिनेमा तुफान चालला, त्यामुळे लगेच १९७२मध्ये दुसरा भाग आला, 'बेन'. आजारी मुलगा आणि उंदीर यांची दोस्ती. सिनेमा यथातथाच, पण त्याचं शीर्षकगीत मायकल जॅक्सनने गायलंय. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं त्याचं हे पहिलं सोलो गाणं, तेव्हा तो अवघा १४ वर्षांचा. गाण्याला गोल्डन ग्लोब मिळालं, ऑस्करचं नामांकनही. ऐकताना अजिबात कळत नाही की हे एका उंदरासाठी आहे.

२००३मध्ये 'विलार्ड' पुन्हा बनला. क्रिस्पिन ग्लोव्हरने असा काही विलार्ड केलाय की उंदरांपेक्षा त्याचीच धास्ती वाटावी. घरात लावलेल्या वडिलांच्या तसबिरीत १९७१चा विलार्ड, म्हणजे ब्रूस डेव्हिसन दिसतो. तिकीटबारीवर तो आपटला. मला मात्र दोन्हीत हाच जास्त आवडला. यातला बेन म्हणजे आपल्या घुशीलाही लाजवेल असा आफ्रिकन गालपिशवीवाला उंदीर.

गंमत म्हणजे त्याच जातकुळीतला मगावा नावाचा उंदीर खऱ्या जगात हिरो झाला. टांझानियात शिकून तो कंबोडियात गेला आणि वासावरून जमिनीतले सुरुंग शोधायला लागला. २०२०मध्ये त्याला शौर्यासाठी सुवर्णपदक मिळालं. शिकवायची पद्धत तीच, खाऊची.

सिनेमा संपवून झोपले आणि सकाळी पाहते तर पिंजऱ्यात एक अडकलेला. आई म्हणाली, "जा, ओढ्यात बुडवून ये." म्हणजे विलार्डला सांगितलं होतं तेच! मी पिंजरा घेऊन शेताच्या पार टोकाला गेले आणि दार उघडलं. तो बाहेर पडला आणि गवतात पळाला. मागे वळून बघितलं वगैरे काही नाही.

रात्री माळ्यावर पुन्हा खुडबुड. आईने वर बघितलं, मग माझ्याकडे. "तोच आलाय बघ परत."