पाकी, पॅड आणि न बोललेले दुखणे

शीवच्या आमच्या घरात न्हाणीघर एक आणि माणसे सात. फजरच्या वेळी दारासमोर रांग लागते, यात नवे काही नाही. पण दोन वर्षांपूर्वी ही रांग पाचही वेळा लागू लागली. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, वजूला आत गेल्या की वीस-पंचवीस मिनिटे बाहेर येत नसत. मुले कुरकुरत. खरे सांगायचे तर आम्ही दोघी जावाही कुरकुरत होतो. वय झाले, पाकीचा वहम लागला, असे आमचे मत होते. आमच्यापैकी एक शाळेत शिकवते, बीएड झालेली आहे, आठवीच्या मुलींना शरीरशास्त्राचा धडा समजावते. तिचेही मत तेच.

जुलैत पाऊस लागला. किंग्ज सर्कलला पाणी भरले, घरात कपडे वाळेनात. तेव्हा कपाटामागच्या दोरीवर, टॉवेलच्या आड, जुन्या लुंगीच्या घड्या केलेले तुकडे दिसले. ओले, कुबट वासाचे. अम्मींची पाळी जाऊन पंधरा वर्षे झाली होती. मग हे कशासाठी? विचारले तर त्या आधी रागावल्या, मग गप्प झाल्या. रात्री ईशानंतर हळूच म्हणाल्या, "माझं अंग बाहेर येतं. चौथ्या पोराच्या वेळेपासून."

चौथे पोर म्हणजे आमचे धाकटे दीर, वय बत्तीस.

अंग बाहेर येणे म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि गुदाशय या झोळीवर तोललेले असतात. अनेक बाळंतपणे, रखडलेली प्रसूती, बाळंतपणानंतर लगेच उचललेले हंडे, वर्षानुवर्षांचा खोकला किंवा बद्धकोष्ठ, आणि पाळी गेल्यावर कमी होणारे इस्ट्रोजेन यांनी झोळी सैल पडते. मग गर्भाशय किंवा लघवीच्या पिशवीचा भाग योनिमार्गातून खाली सरकतो, कधी बाहेर डोकावतो. दिवसभर उभे राहिल्यावर जड वाटते, कंबर भरून येते, शिंकले की लघवी सुटते, किंवा लघवी पुरती होतच नाही. अम्मींची चारही बाळंतपणे रत्नागिरीकडे घरीच झाली आणि चौथ्यानंतर आठव्या दिवशी त्या विहिरीवर होत्या. हे त्या आजही कौतुकाने सांगतात.

बत्तीस वर्षे एका छपराखाली राहून ही गोष्ट कोणाला कळू नये, याचे आम्हाला फार वाईट वाटले. पण यात आमचे घर जगावेगळे नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होते, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. गडचिरोलीत तेव्हा डॉक्टर दूर होते. आमच्या घरापासून लोकमान्य टिळक रुग्णालय चालत दहा मिनिटांवर आहे. अम्मी त्याच्या फाटकावरून रोज भाजीला जात होत्या.

आता न्हाणीघरातल्या त्या पंचवीस मिनिटांचा उलगडा झाला. लघवीचा थेंब गेला, वजू तुटला. पुन्हा धुणे, पुन्हा वजू, उभे राहताच पुन्हा थेंब. नुसत्या पाण्याने पाक झाल्यासारखे वाटेना म्हणून जखमेवर लावायचे जंतुनाशक मगभर पाण्यात घालून त्या आतपर्यंत धूत होत्या, दिवसातून पाच वेळा. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी पिणे जवळपास सोडलेले. महिलांच्या इज्तिमाला जाणे बंद, लग्नाला जाणे बंद.

यानंतर चूक आम्ही केली. कापड टाकून द्यायला लावले आणि मेडिकलमधून सर्वांत महाग पॅड आणले. गुलाबाच्या वासाचे, वर जाळीदार प्लास्टिकचा 'ड्राय' थर असलेले, रात्रभर टिकणारे. सोबत सुगंधी इंटिमेट वॉश. महाग ते चांगले, सुगंधी ते स्वच्छ, हाच आमचा हिशेब. दोन आठवड्यांत अम्मींना चालताना आग होऊ लागली आणि पॅडवर रक्ताचे डाग दिसले. तेव्हा कुठे आम्ही त्यांना घेऊन रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात गेलो. महिला डॉक्टर मिळेल का, एवढा एकच प्रश्न अम्मींनी रस्ताभर विचारला. मिळाल्या.

तपासणीत कळले की बाहेर आलेल्या भागावर घर्षणाने जखम झाली होती. जे अवयव आत, ओलसर राहायचे, ते बाहेर कोरडे पडतात, त्यांची त्वचा नाजूक असते. पॅडची खरखरीत जाळी त्यावर चालताना घासत राहते, त्यात सुगंधी द्रव्याची चुरचुर. शिवाय पाळी गेल्यावर डाग दिसला तर तो नुसता घासल्याचा आहे असे घरी बसून ठरवायचे नसते, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची असते. अम्मींची केली, अल्हम्दुलिल्लाह, बाकी काही निघाले नाही.

तेव्हापासून दीड वर्षात पॅडच्या बाबतीत आम्ही जे शिकलो ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. पहिली गोष्ट, पाळीचा पॅड आणि लघवीचा पॅड एक नव्हे. रक्त घट्ट असते, हळू येते. लघवी पातळ, शिंकेसरशी एकदम येते. पाळीचा पॅड ती पटकन ओढू शकत नाही, कातडी ओलीच राहते. लघवीसाठीचे पॅड वेगळे मिळतात, त्यांत पाणी धरून ठेवणारी जेल जास्त असते. मेडिकलवाल्याला 'इनकॉन्टिनन्स पॅड' म्हटले की कळते. चिकटपट्टीचा मोठा डायपर ज्याला उठता-बसता येत नाही त्याच्यासाठी ठीक, चालत्याफिरत्या बाईने तो मांडीत कशाला कोंबावा?

दुसरी गोष्ट वरच्या थराची. हात फिरवून पाहावा. मऊ, कापसासारखा असेल तो घ्यावा, जाळीदार टाळावा. पाकिटावर 'फ्रेग्रन्स' किंवा 'परफ्यूम्ड' लिहिले असेल तर ते परत ठेवावे. दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने २०२२ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या दहा सॅनिटरी पॅडची तपासणी केली, तेव्हा सगळ्यांत थॅलेट नावाची रसायने सापडली. याचा अर्थ पॅड वापरणारी प्रत्येक बाई आजारी पडेल असा नाही. पण वासासाठी घातलेली द्रव्ये आपल्या काही उपयोगाची नाहीत, आणि जिथे त्वचा आधीच सोललेली आहे तिथे तर नकोतच. पाळीच्या पॅडसाठी भारतीय मानक आयएस ५४०५ आहे, धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४. पाकिटावर तो आकडा आणि बनवल्याची तारीख शोधायची सवय आमच्या घरातल्या मुलींनाही लागली आहे. महागच घ्यायला हवे असे नाही. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून पाळीचा पॅड १ रुपयाला मिळतो. आणि २०१८ पासून या पॅडवर जीएसटी नाही.

कापड वाईट नाही, हेही सांगायला हवे. वाईट होते ते टॉवेलआड वाळवणे. सुती मऊ कापड साबणाने धुऊन, साबण पुरता काढून, उन्हात खडखडीत वाळवले तर पॅडइतकेच चांगले. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. पण अम्मी घड्या जाड करत होत्या, त्या अंगाला आधार म्हणून आत दाबून बसवत होत्या. तसे करू नये. पॅड असो की कापड, चार-सहा तासांनी बदलायचे, ओले झाले तर आधीच. कमी ओले झाले म्हणून दिवसभर ठेवायचे नाही. आतली चड्डी सुती आणि नीट बसणारी हवी, घट्ट इलॅस्टिकची नको. पावडर लावायची नाही.

तरुण बहिणींना पाळीचा कप आवडतो, तो पर्यावरणाला चांगला म्हणून शाळेतल्या सहकारी शिक्षिकाही वापरतात. पण अंग खाली उतरलेले असेल तर कप किंवा टॅम्पॉन नीट बसत नाही, आणि कपातली हवेची पकड न सोडता तो खाली ओढला तर त्याबरोबर आतले अवयवही ओढले जातात. कप वापरणारीला जड वाटू लागले तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

धुण्याबद्दल डॉक्टरांनी एकच सांगितले: बाहेरून साधे पाणी, आत काही नाही. योनीमार्गात चांगले जंतू असतात, ते आतला भाग आम्लधर्मी ठेवून रोगजंतूंना रोखतात. जंतुनाशकाने तेही मरतात. मग पांढरे पाणी वाढते, वास येतो, बाई आणखी धुते. जेट स्प्रेची जोराची धारही आत सोडायची नाही. बाहेर आलेला भाग पाण्याने हलके धुऊन मऊ कापडाने टिपायचा, पुसायचा नाही.

अम्मींना हे सहज पटले नाही. "डॉक्टर मुसलमान नाही, तिला तहारत काय माहीत?" असे त्या म्हणाल्याच. तेव्हा आम्ही त्यांना मोहल्ल्यातल्या आलिमा आपांकडे नेले. आपांनी हजरत हमना बिन्त जहश (रजि.) यांची हदीस सांगितली. त्यांना सतत रक्तस्राव होत असे. त्या प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे विचारायला गेल्या, तेव्हा त्यांना आधी कापूस आणि त्याने भागत नसेल तर कापड वापरण्यास सांगण्यात आले. अबू दाऊद आणि तिर्मिजी या संग्रहांत ती आहे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी एक बाई हा प्रश्न घेऊन उघडपणे गेली आणि तिला मिळालेल्या उत्तरात कापसाचा उल्लेख होता. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनीही असेच विचारले होते, त्यांना धुऊन नमाज पढत राहण्यास सांगितले गेले. अम्मी हे ऐकून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

ज्याचा थेंब थांबत नाही त्याला फिकहमध्ये माजूर म्हणतात. आम्ही कोकणातले, शाफई. आमच्यात वेळ झाल्यावर धुऊन, पॅड बदलून, वजू करून लगेच नमाज पढायची, दर फर्जसाठी एक वजू. त्यानंतर थेंब गेला तरी नमाज होते. हनफी घरांत नमाजच्या एका वेळेसाठी एक वजू पुरतो, पण माजूर ठरण्याची अट असते: त्या पूर्ण वेळेत वजू करून थेंबाविना फर्ज पढता येईल एवढीही सवड मिळत नसेल तरच. कोणाची गोष्ट कशात बसते हे आपापल्या आलिमांना विचारावे. पाकीसाठी जंतुनाशक लागत नाही, यावर आपा आणि डॉक्टर यांचे एकमत होते.

उपचारांचे थोडक्यात. जखम आधी मलमाने भरून काढली. मग अम्मींना सिलिकॉनची कडी बसवली, तिला पेसरी म्हणतात. ती आतून आधार देते. ग्रीक वैद्य याच कामासाठी अर्धे डाळिंब वापरत, हे ऐकून अम्मी पहिल्यांदा हसल्या. कडी ठरल्या तारखेला काढून, धुऊन, आत जखम नाही ना पाहून पुन्हा बसवतात. तिच्यामुळे थोडे पाणी जाते, त्यासाठी बिनवासाचा पातळ पॅड पुरतो. शस्त्रक्रियाही असते. गर्भाशय काढलेच पाहिजे असे नाही, ते न काढता पट्टीने वर बांधण्याच्या पद्धती मुंबईच्याच डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी शोधल्या, आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. पुढे मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीने हे नक्की विचारावे. सुरुवातीच्या अवस्थेत स्नायूंचा व्यायाम खरेच उपयोगी पडतो: लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा प्रयोग करू नये. पाणी पुरेसे प्यायचे. रमजानमध्ये सहरी-इफ्तारच्या दरम्यान आठवणीने, नाहीतर बद्धकोष्ठ होते आणि जोर करावा लागतो, तोच जोर अंग खाली ढकलतो.

बाहेर आलेला भाग आत जाईनासा झाला, लघवी अडली, रक्त गेले किंवा घाण वास येऊ लागला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अम्मींची कडीची पुढची तारीख मशिदीच्या कॅलेंडरवर लाल गोलाने केलेली आहे. मुलांना वाटते ती गॅस सिलिंडरची. मागच्या महिन्यात चिपळूणहून अम्मींच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. दार लावून दोघी तासभर बोलत होत्या. आम्हाला बाहेर एवढेच ऐकू आले, "आणि सुनांनी गुलाबाच्या वासाचे आणले तर घेऊ नकोस हां."