समाजकार्यातील पीएच.डी. : पदवी कोणासाठी?

काही महिन्यांपूर्वी एक तरुणी भेटीस आली होती. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन तिने नऊ वर्षे आदिवासी पाड्यांवर काम केले आहे. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "फादर, मला पीएच.डी. करायची आहे. घरचे म्हणतात, आता आणखी किती शिकणार? तुम्हांला काय वाटते?"

मी विचारले, "कशावर करणार?"

"आदिवासींच्या समस्यांवर," ती उत्तरली.

मी म्हणालो, "बाळ, हा विषय झाला. प्रश्न कोणता?"

ती गप्प झाली. मग तिने एका मुलाविषयी सांगितले. दरवर्षी दिवाळीनंतर त्याचे आईवडील वीटभट्टीवर जातात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. मुलगा त्यांच्याबरोबर जातो. पहिली तीन वर्षे तो परत येऊन शाळेत बसला, चौथ्या वर्षी मात्र बसला नाही. "शाळा तीच, गुरुजी तेच, आम्ही त्याला वह्यापुस्तकेही दिली होती. मग तो का आला नाही, हे मला अजून कळलेले नाही," असे ती म्हणाली.

पीएच.डी.ची सुरुवात येथून होते. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी, तसेच काही धर्मभगिनी आणि धर्मगुरू आज समाजकार्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांपैकी काहींच्या मनात या पुढच्या पायरीचा विचार असतो, पण नेमकी माहिती नसते. ती माहिती देणे आणि तिच्याबरोबर येणाऱ्या जबाबदारीकडे लक्ष वेधणे, हा या लेखाचा हेतू आहे.

सेवेचे शास्त्र कसे झाले

गरिबाला मदत करणे हा आपल्या श्रद्धेचा जुना संस्कार आहे. परंतु मदत कशी करावी याचे पद्धतशीर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने स्थापन झालेल्या त्या समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी होते. नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम करताना, केवळ सदिच्छा पुरत नाही, प्रशिक्षित माणसे हवीत, हे त्यांनी ओळखले होते. हीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नावाने ओळखली जाते आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

कॅथलिक धर्मभगिनींनीही या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले. 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' या संघाने १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय सुरू केले, तर १९६० साली मंगळूर येथे रोशनी निलय. पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. सेवेला अभ्यासाची जोड असावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या 'देऊस कारितास एस्त' या विश्वपत्रात हीच गोष्ट स्पष्ट केली आहे. सेवाकार्य करणाऱ्याजवळ व्यावसायिक कौशल्य असलेच पाहिजे, मात्र तेवढ्याने भागत नाही, अंतःकरणही घडलेले हवे, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे.

पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांतील भेद

पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थी काम करायला शिकतो. कुटुंबाशी कसे बोलावे, वस्तीत गट कसा बांधावा, शासकीय योजना लोकांपर्यंत कशी पोहोचवावी, हे तो क्षेत्रकार्यातून आत्मसात करतो. पीएच.डी.चे स्वरूप वेगळे आहे. आपण जे करतो त्याने खरोखर काय घडते, घडत नसेल तर का, याचा शोध घेऊन तो इतरांना तपासता येईल अशा पद्धतीने मांडणे, हे तेथे अपेक्षित असते.

म्हणूनच 'आदिवासींच्या समस्या' हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. तो एका जन्मात संपणारा नाही. 'दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतील कोणती मुले परतल्यावर शाळेत बसतात, कोणती बसत नाहीत आणि असे का होते?' हा मात्र प्रश्न आहे. त्याला सीमा आहेत. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल, भट्टीवर मुलाच्या हातांना मिळालेले काम, परतीचा महिना, धाकट्या भावंडांची जबाबदारी, वर्गात मागे पडल्याची लाज, अशी संभाव्य कारणे एकेक करून तपासता येतात. कदाचित असेही दिसेल की आपण वाटलेल्या वह्यापुस्तकांचा या निर्णयाशी काहीच संबंध नव्हता. असे उत्तर स्वीकारण्याची तयारी ज्याच्याजवळ आहे, त्यानेच संशोधनाच्या वाटेला जावे.

प्रवेशाचे नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.संबंधी नवे नियम जारी केले. त्यांतील मुख्य बाबी अशा आहेत.

पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण हवेत. चार वर्षांची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यास ७५ टक्के गुण असल्यास थेट अर्ज करता येतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.फिल. ही पदवी या नियमांनी बंद झाली आहे.

प्रवेश राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, म्हणजे नेटच्या, आधारे होतो. २०२४ पासून नेटमध्ये केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरण्याचीही सोय झाली आहे. त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि हे गुण प्रवेशासाठी एक वर्ष ग्राह्य धरले जातात. नेटमध्ये समाजकार्य हा स्वतंत्र विषय आहे. काही विद्यापीठे स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात. त्यामुळे ज्या विद्यापीठात जायचे आहे तेथे प्रत्यक्ष चौकशी करावी.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनातील नीतिमत्ता यांचा समावेश असतो. एकूण कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची मुभा आहे. मातृत्व आणि बालसंगोपन यांसाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. संसार सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या आपल्या भगिनींनी ही तरतूद अवश्य लक्षात ठेवावी.

नोकरी करीत अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्यासाठी संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मात्र ही पदवी घेता येत नाही. तशी जाहिरात दिसल्यास पैसे भरू नयेत.

मार्गदर्शकाची निवड

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाला चार विद्यार्थीच घेता येतात. शिवाय निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकास नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे जागा थोड्या असतात आणि मिळेल त्या मार्गदर्शकाकडे जाण्याचा मोह होतो. तो टाळावा. ज्यांच्याबरोबर पाच-सहा वर्षे काढायची, त्यांचे लेखन आधी वाचावे, त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटावे. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावरचे चार प्रबंध वाचले तरी चांगले काम आणि वरवरचे काम यांतील फरक ध्यानात येतो.

खर्च आणि उपजीविका

नेटद्वारे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ शिष्यवृत्ती म्हणून ४२,००० रुपये मिळतात. परंतु ती थोड्यांनाच मिळते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुन्या माहितीवर विसंबून कोणी तिच्या भरवशावर राहू नये. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे आणि आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थ्यांनाही तिच्यासाठी अर्ज करता येतो. एकुलत्या एक मुलीसाठी सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही संशोधकांना साहाय्य देते.

पदवीनंतर काय, हा प्रश्न घरची मंडळी विचारणारच आणि तो रास्त आहे. १ जुलै २०२३ पासून साहाय्यक प्राध्यापकपदाच्या थेट नेमणुकीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता मानली जाते आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. त्यावरच्या पदांसाठी मात्र ती लागते. म्हणजे केवळ शिकवण्याची नोकरी हवी असेल, तर आधी नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे. सहा वर्षे खर्च करण्यासाठी नोकरीपेक्षा मोठे कारण हवे.

लोकांची गोष्ट ही लोकांची ठेव

आता सर्वांत महत्त्वाच्या बाबीकडे येतो. समाजकार्याचा संशोधक प्रयोगशाळेत बसत नाही. तो लोकांच्या ओटीवर जाऊन बसतो. लोक त्याला आपल्या घरातील कर्ज, मारहाण, आजार, मृत्यू सांगतात. ही त्यांची ठेव आहे.

संमतीचा प्रश्न येथे फार नाजूक होतो. जी कार्यकर्ती काल धान्य वाटत होती, तीच आज प्रश्नावली घेऊन आली, तर पाड्यावरची आई तिला नाही कसे म्हणणार? ती हो म्हणेल, पण ते स्वातंत्र्यातून आलेले हो नसेल. म्हणून मुलाखत आणि मदत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शक्य असल्यास आपण जेथे मदत देतो त्याऐवजी दुसऱ्या पाड्यावर अभ्यास करावा. 'नाही म्हटलेत तरी तुमचे काही थांबणार नाही,' हे तिच्या भाषेत सांगावे आणि तसेच वागावे.

गुप्ततेलाही मर्यादा आहे, हे आधीच सांगणे आवश्यक आहे. एखाद्या बालकाने आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. संशोधक त्याला अपवाद नाही. 'तू सांगशील ते कोणालाच कळणार नाही' असे वचन देऊन नंतर ते मोडणे म्हणजे त्या बालकाला दुसऱ्यांदा दुखावणे होय. त्यामुळे असे वचन मुळात देऊच नये.

तसेच लेखन स्वतःचे असावे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकूर इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांहून अधिक जुळल्यास कारवाई होऊ शकते. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, ज्यांनी आपले दुःख उघड केले त्यांच्याविषयी दुसऱ्याचे शब्द उचलून लिहिणे हा त्यांचाही अपमान आहे.

आणि शेवटी, प्रबंध पूर्ण झाल्यावर पाड्यावर परत जावे. सार्वजनिक मौखिक परीक्षा विद्यापीठात होते, बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारतात, टाळ्या पडतात. पण ज्यांच्या शब्दांवर तो प्रबंध उभा आहे, त्यांनी तो पाहिलेलाही नसतो. चार पानांचा सोपा मराठी सारांश, शाळेत एक सभा, पंचायतीपुढे दोन सूचना, एवढे तरी त्यांचे देणे लागते.

अखेरचा शब्द

त्या तरुणीला मी 'कर' असेही म्हटले नाही आणि 'करू नकोस' असेही नाही. मी तिला सांगितले, "पुन्हा पाड्यावर जा. त्या मुलाला घेऊन शाळेत जाऊ नकोस, नुसती त्याच्याजवळ बस. मग तुझा प्रश्न एका पानावर लिहून आण."

पुढच्या महिन्यात ती आली. पान दोन्ही बाजूंनी भरलेले होते. मुलाने तिला सांगितले होते की परतल्यावर त्याला त्याच्याहून लहान मुलांबरोबर बसवले गेले आणि ती मुले हसली. नऊ वर्षांत हे कोणी त्याला विचारले नव्हते. हे एकाच मुलाचे उत्तर आहे, ते सर्वांचे असेल असे नाही, हेही तिने स्वतःच खाली लिहिले होते. ते वाक्य वाचून मला वाटले, हिला संशोधन जमेल.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्या पानात होते. आणखी किती शिकणार? जोपर्यंत एखादे मूल शाळेच्या दाराबाहेर थांबले आहे आणि त्याचे कारण आपल्याला ठाऊक नाही, तोपर्यंत कोणीतरी शिकतच राहिले पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांत अशी जिद्द असलेली मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी लग्नाची, नोकरीची काळजी जरूर करावी, पण त्यांच्या प्रश्नालाही घरात थोडी जागा द्यावी.