उंबरठ्याच्या आतली व्यसनमुक्ती

नागपूरच्या पूर्वेकडील कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात धान्य, मिरची, संत्री आणि आलू-कांदा यांची जी उलाढाल होते ती हमालांच्या पाठीवर उभी आहे. परंतु जेथे मजुरी रोखीने हातात पडते आणि दिवसभराच्या ओझ्याचा शीण विसरावासा वाटतो, तेथे त्या रोखीचा वाटा घरी पोहोचण्याआधीच दारूत जाण्याचा धोका कोणत्याही श्रमिक वस्तीला असतो. कायद्याने या प्रश्नाला उत्तर देण्याचे प्रयत्न विदर्भातच झाले आहेत. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तर चंद्रपुरात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदीमुळे दारू मिळणे अवघड होते, पण पिणाऱ्याचे घराशी विस्कटलेले नाते तिच्यामुळे सांधले जात नाही.

नेमक्या याच जागी नागपुरातील एका विणकर घरातून पुढे आलेल्या महानत्यागी बाबा जुमदेव ठुब्रीकर (१९२१–१९९६) यांचे काम महत्त्वाचे ठरते. त्यांच्या परमात्मा एक सेवक मंडळाचे केंद्र कळमन्याजवळच्या वर्धमाननगरात आहे. ज्याला अनुयायी ‘मानव धर्म’ म्हणतात त्या या मार्गात एकाच परमेश्वराची उपासना, सत्य, मर्यादा व प्रेम या तीन शब्दांचे आचरण, व्यसनांचा त्याग आणि परिवारातील एकता यांवर भर आहे. येथे अनुयायाला ‘सेवक’ म्हणतात, आणि मार्ग स्वीकारणे ही एकट्या माणसाची नव्हे तर साऱ्या घराची बाब मानली जाते. त्यामुळे दारू सोडण्याचा शब्द पत्नी, मुले आणि आईवडील यांच्यासमक्ष दिला जातो, तो मोडल्यास सगळ्या घराची साधना बिघडते, आणि आजवर निमूट सोसणाऱ्या पत्नीला ‘हे आपल्या नियमात बसत नाही’ असे सांगण्याचा अधिकार मिळतो. मूल्य म्हणजे भिंतीवरचे सुवचन नसून घरात रोज परस्परांना विचारता येणारा जाब, हे येथे स्पष्ट दिसते. या अनुयायांनी सहकारी बँकही उभी केली, हे लक्षणीय आहे, कारण व्यसनातून वाचलेला पैसा कोठे ठेवायचा हा प्रश्नही तितकाच खरा असतो.

श्रद्धेचा आधार न घेताही हाच धागा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून धरला आहे. अनिल आणि अनिता अवचट यांनी उभारलेल्या या केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो, कारण व्यसनाने आजारी पडते ते सारे घरच.

तथापि कुटुंब हे आपोआप कल्याणकारी नसते. ‘मर्यादा’ हा शब्द पुरुषाच्या हाताला आवर घालू शकतो, तसाच तो सुनेच्या तोंडावर ठेवलेला हातही होऊ शकतो. घराची अब्रू जपण्याच्या नावाखाली मारहाण झाकली जाते, म्हणूनच घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आवश्यक ठरला. शिवाय दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे परिणाम संभवतात, आणि अशा वेळी निश्चय कितीही पक्का असला तरी त्या माणसाला तातडीने डॉक्टरकडे नेणे हे त्याच्या घरच्यांचे पहिले काम असते.