मंडईचा प्रेक्षक हसतो कशाला?

गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला एखादा विनोदी सिनेमा कसा वाटला म्हणून विचारलं, तर लांबलचक समीक्षा मिळत नाही. "जमलं नाई जी," एवढंच तो म्हणतो. मग लगेच सांगतो, की याच्यापेक्षा आपल्याकडच्या नाटकातला अमुक नट जास्त हसवतो. ही तुलना वरवरची नाही. इथल्या प्रेक्षकापाशी मापाला एक जिवंत रंगभूमी आहे, आणि पडद्यावरचा विनोद तो तिच्याशी ताडून बघतो.

भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. सासरच्या मुली माहेरी येतात, सोयरे-पाहुणे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात आणि रात्री नाटक असतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत होळीच्या आसपासपर्यंत हा हंगाम चालतो. बहुतेक नाटक कंपन्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या. अर्जुनी मोरगाववरून तिकडे जायला वेळ लागत नाही. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. धान कापून थकलेला माणूस पहाटे तीनला जागा ठेवायचा, तर विनोदी नटाला नुसती पाठ केलेली वाक्यं पुरत नाहीत. समोरचा भाग हसला नाही तर तो तोच प्रवेश फिरवतो, वाढवतो, गावातली एखादी ताजी भानगड त्यात ओवतो. परशुराम खुणे याच मातीत घडले. त्यांना लोक विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा नागपूरच्या पलीकडे अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदाच ऐकलं.

खुद्द दादा कोंडके इथे परके कधीच वाटले नाहीत. 'सोंगाड्या' १९७१चा, 'पांडू हवालदार' १९७५चा. त्यांच्या दुहेरी अर्थाच्या संवादांवर शहरात नाकं मुरडली गेली. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र त्यात नवं काही नव्हतं. भोळसट दिसणारा माणूस शहाण्याला निरुत्तर करतो, हा खेळ त्याच्या ओळखीचाच होता.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली आला. पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, ही त्या गोष्टीतली अडचण आमगाव-सालेकशाच्या माणसाला जवळची नव्हती. तरी तो पोट धरून हसला. का? मला वाटतं, अशोक सराफ, सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा आपसातला ताल त्याला कळला, आणि पुरुषाने लुगडं नेसून ते निभावणं किती कठीण असतं हे दंडारीने त्याला आधीच शिकवलं होतं. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. म्हणून इथला प्रेक्षक नुसत्या सोंगाला हसत नाही, सोंग किती वेळ टिकलं याला दाद देतो. त्या सिनेमाबद्दल इतकं बारीक मत मी शहरी परीक्षणात क्वचितच वाचलं आहे.

टीव्हीची गोष्ट वेगळी. मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' गाजला, तो मुंबई-पुण्याकडच्या घरांत. या पूर्व टोकाला आधी हिंदी पोहोचली. १९८४चं 'ये जो है जिंदगी' हे अनेक घरांतलं पहिलं विनोदी मालिका-प्रेम. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, घरात पोवारी, गोंडी किंवा झाडी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, असा हा जिल्हा. हिंदी विनोद समजायला इथे कुणाला प्रयास पडले नाहीत. मराठी वाहिन्यांवरची प्रहसनं नंतर आली. २०१४चं 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' इथे आवडीने पाहिली जातात. भाऊ कदमांच्या नुसत्या थांबण्यावर हसू फुटतं, समीर चौघुले आले की घरातली माणसं हातातलं काम सोडून बसतात.

पण या कौतुकाच्या पोटात एक दुखणं आहे आणि ते मलाही आहे. टीव्हीवर 'विदर्भाचा माणूस' म्हणून जो बोलतो तो बहुधा वऱ्हाडी बोलतो. भारत गणेशपुरेंनी अमरावतीकडची बोली घराघरांत नेली, हे मोठंच काम. पण वैनगंगेच्या खोऱ्यातली झाडीबोली वेगळी आहे, तिचा हेल वेगळा, तिच्यातलं हसणंही वेगळं. साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्या अभ्यासासाठी आयुष्य दिलं. तरीही मुंबईत लिहिणाऱ्याच्या लेखी नागपूरपासून गोंदियापर्यंत सगळं एकच. आपल्या नावावर दुसऱ्याची बोली ऐकून इथला प्रेक्षक हसतो, पण ते त्याला खटकतंही.

हे खटकणं आपल्याकडे कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये मात्र साध्या प्रेक्षकाच्या अशा शेऱ्यांना मान आहे. प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवणारा 'पॉइंट्स ऑफ व्ह्यू' बीबीसीने १९६१ साली सुरू केला. २०१३पासून 'गॉगलबॉक्स'मध्ये घरातल्या सोफ्यावर बसून टीव्हीवर बोलणारी माणसंच कार्यक्रम झाली. 'फॉल्टी टॉवर्स' या तिथल्या विनोदी मालिकेचे भाग फक्त बारा, १९७५ आणि १९७९ मध्ये मिळून. पुढे ओढत न नेल्यामुळे तिथला माणूस अजून त्यावर हिरिरीने मत देतो. आपल्याकडे चाललेला कार्यक्रम दमेपर्यंत चालवतात, आणि 'आता पहिल्यासारखी मजा नाई' हे मत चहाच्या टपरीवरच राहतं.

टीव्हीवर झाडीबोली का नाही असं विचारलं की बोलीची अडचण सांगणाऱ्यांनी एक आठवावं. डोंगरगड ओलांडलं की छत्तीसगडातलं राजनांदगाव, 'नाचा' या लोकनाट्याचा मुलूख. तिथले नाचा कलाकार घेऊन हबीब तन्वीरांनी 'चरणदास चोर' छत्तीसगढीत उभा केला. श्याम बेनेगलांनी १९७५ साली त्यावर सिनेमाही काढला. १९८२मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात, छत्तीसगढीचा गंधही नसलेल्या प्रेक्षकांसमोर, त्या नाटकाने फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला. तिथे पोहोचलेली बोली गोंदियापासून काही स्टेशनांवरची. मग झाडीबोली मुंबईच्या स्टुडिओत कळणार नाही, हे मी कसं मानू?

झाडीपट्टीच्या नाटकांचंही सगळंच गोड नाही. अलीकडे कित्येक खेळांत सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच लांबतो आणि विनोदी प्रवेश टीव्हीवरच्या प्रहसनांची नक्कल करू लागतात. बायका-पोरं समोर असताना नट सोप्या पाचकळपणाकडे वळतो, तेव्हा मागच्या रांगांतून उठून जाणारी माणसं दिसतात. त्यांचं ते उठणं कंपन्यांनी बघायला हवं. वाहिन्यांनी यंदाच्या मंडईत आपले लेखक पाठवावेत. कॅमेरा नको, आधी रात्रभर बसून ऐकावं.