दशांश, टक्के आणि संगणक

शेकडेवारीने हिशेब सांगण्याची पद्धत मनुष्याच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. व्याजाचा दर असो, शाळेतील हजेरी असो वा निवडणुकीतील मते असोत, शंभर हा समान पाया मानला म्हणजे तुलना सुलभ होते. संगणकाला मात्र शंभराचे विशेष अगत्य नाही. चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मुले उपस्थित असतील, तर त्याच्या स्मृतीत ते प्रमाण ०.८७५ असे राहते. ‘८७.५%’ हे त्याचे रूप केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी तयार केले जाते.

हे रूपांतर तीन पायऱ्यांनी होते. प्रथम संख्येला १०० ने गुणावयाचे. नंतर दशांशचिन्हापुढे किती अंक ठेवावयाचे ते ठरवून जवळची किंमत घ्यावयाची. आणि शेवटी टक्क्याचे चिन्ह जोडावयाचे. पायथॉन या संगणकभाषेत ही तिन्ही कामे एकाच सूचनेने होतात. सी भाषेत गुणाकार आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावा लागतो, आणि छपाईच्या सूचनेत चिन्हही दोनदा लिहावे लागते. कारण एकटे % हे चिन्ह तेथे ‘या जागी संख्या छापा’ अशा आज्ञेचा आरंभ समजले जाते.

यांपैकी दुसरी पायरी वरवर निरुपद्रवी दिसते. पण तिच्यामुळे केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे एक बोलके उदाहरण जर्मनीत घडले. श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यात ५ एप्रिल १९९२ रोजी विधिमंडळाची निवडणूक झाली. निदान ५ टक्के मते मिळविल्याखेरीज पक्षाला सभागृहात जागा मिळू नये, असा तेथील सर्वसाधारण नियम आहे. मतमोजणीनंतर ग्रीन पक्षाच्या नावापुढे ५.० टक्के हा आकडा दिसला आणि पक्षाने उंबरठा ओलांडला असे सर्वांना वाटले. मध्यरात्रीनंतर ध्यानात आले, की त्याची खरी मते ४.९७ टक्केच होती. टक्के छापणारी आज्ञावली दशांशचिन्हापुढे एकच अंक ठेवीत असे, म्हणून ४.९७ चे ५.० झाले होते. जागांची वाटणी पुन्हा करावी लागली. ग्रीन पक्ष सभागृहाबाहेर राहिला, आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला ८९ पैकी ४५ जागा, म्हणजे निसटते बहुमत मिळाले.

येथे संगणकाचे गणित चुकले नव्हते. एका अंकापर्यंत ४.९७ ची जवळची किंमत ५.० हीच आहे. चूक झाली ती दाखविण्यासाठी घेतलेली किंमत निर्णयासाठी वापरण्यात.

याहून सूक्ष्म असा दुसरा धोका पहिल्याच पायरीत दडलेला असतो. संगणक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांनी लिहितो. एकतृतीयांश ही संख्या दशमान पद्धतीत ०.३३३… अशी कधीच संपत नाही, त्याचप्रमाणे ०.२९ ही द्विमान पद्धतीत संपत नाही. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत तिचे ५३ द्विमान अंक ठेवून बाकीचे सोडून द्यावे लागतात. परिणामी ०.२९ ला १०० ने गुणिले असता उत्तर नेमके २९ न येता २८.९९९९९९९९९९९९९९६ असे येते. जवळची किंमत घेतली तर २९% छापले जातात. परंतु दशांशचिन्हापुढील भाग नुसता छाटून टाकला, तर २८%! एक संपूर्ण टक्का नाहीसा होतो.

अगदी मध्यावरील संख्येचा प्रश्न आणखी निराळा आहे. ०.१२५ म्हणजे १२.५ टक्के. शाळेत शिकविलेल्या रीतीने पूर्णांकात त्याचे १३ होतात. पायथॉन मात्र अशा वेळी जवळचा सम अंक निवडते आणि १२% छापते. मध्यावरची प्रत्येक संख्या वरच ढकलली, तर मोठ्या बेरजांचा कल एकाच बाजूला झुकतो. तो टाळण्यासाठी ही रीत आहे.

म्हणून जाणते आज्ञावलीकार एक शिस्त पाळतात. मूळ संख्या पूर्ण अचूकतेने जपावी, तुलना आणि निर्णय तिच्यावरच करावेत, आणि टक्क्यांचे रूप अगदी अखेरीस, छपाईपुरते द्यावे. पाच टक्क्यांची अट पाहताना तर भागाकाराचीही गरज नाही: पक्षाच्या मतांची वीसपट एकूण मतांएवढी किंवा त्याहून अधिक आहे की नाही, एवढेच पूर्णांकांत पडताळून पाहिले म्हणजे उत्तर निःसंदिग्ध मिळते.