सारतत्त्ववाद, धर्माभ्यासातील

सर्व धर्मांच्या मुळाशी एकच अपरिवर्तनीय तत्त्व असते व त्यावरून धर्माची व्याख्या करता येते, असे मानणारी भूमिका. हे तत्त्व ई. बी. टायलर यांनी प्रिमिटिव्ह कल्चर (१८७१) या ग्रंथात आत्मिक शक्तींवरील श्रद्धेत, तर रूडोल्फ ओटो यांनी १९१७ मध्ये पवित्राच्या गूढ अनुभवात पाहिले. पुढे विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी (१९६२) धर्माला बंदिस्त वस्तू मानण्यासच हरकत घेतली. धर्माच्या व्याख्याही विशिष्ट इतिहासातून व सत्तासंबंधांतून घडतात, असे तलाल असद यांनी (१९९३) प्रतिपादिले.

या वादाचे व्यावहारिक महत्त्व यवतमाळ जिल्ह्यातील गोंड, परधान व कोलाम जमातींच्या उदाहरणावरून ध्यानात येते. टायलर यांच्या विचारातून आलेली ‘जडप्राणवादी’ ही कोटी १९०१ च्या जनगणनेत अशा जमातींना लावण्यात आली. १९३१ मध्ये तिच्या जागी ‘आदिवासी धर्म’ ही संज्ञा आली. याउलट गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले. एका पक्षाने भेद ठळक केला, दुसऱ्याने साम्य. तथापि धर्मांच्या सीमा निश्चित असतात, हे दोघांनीही गृहीत धरले.

प्रत्यक्ष आचार या सीमांत मावत नाही. गोंडांची कुळे देवांच्या संख्येनुसार विभागलेली असून समान देवसंख्येच्या कुळांत विवाह निषिद्ध असतो. पेर्सा पेन या कुलदेवाची गाथा परधान किंगरीच्या साथीने गातात. दंडार नृत्य मात्र दिवाळीच्या सुमारास, म्हणजे हिंदू शेजाऱ्यांच्या सणाच्याच काळात होते. लगतच्या आदिलाबाद भागात गोंडांच्या ग्रामदेवतांचे पौरोहित्य कोलाम करीत, असे फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे. अशा ठिकाणी एका सारतत्त्वापेक्षा व्हिट्‌गेनश्टाइन यांची ‘कुलसाम्य’ ही कल्पना अधिक उपयुक्त ठरते.

मात्र सारतत्त्ववादाच्या खंडनाने प्रश्न संपत नाही. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांनाच स्वतंत्र संकेतांक होते. ‘अन्य धर्म’ या सदरात देशभरातील सुमारे १० लाख व्यक्तींनी गोंड धर्म नोंदविला. कोया पुनेमचे पुरस्कर्ते स्वतंत्र नोंदीची मागणी करतात व त्यासाठी स्वधर्माच्या मूलतत्त्वांचा आधार घेतात. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसल्याने येथील मुख्य प्रश्न स्वतःची ओळख ठरविण्याच्या अधिकाराचा आहे. म्हणून अभ्यासकाने केलेली व्याख्या आणि समाजाने स्वतःला दिलेले नाव यांची गल्लत होऊ न देणे आवश्यक ठरते.